दुसऱ्या नंबरची भैरवी

जगातली प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्रमानेच झाली पाहिजे, आणि क्रम चुकला तर ती गोष्ट झालीच नाही, असे मानणारा माणूस आमच्या आरोंद्यात एकच आहे, आणि तो माझा थोरला दीर आहे. जेवताना भावोजींना आधी भात-आमटी लागते, मग मासे, आणि सगळ्यात शेवटी सोलकढी. एकदा माझ्या जावेने चुकून कढीची वाटी आधी पुढे केली. भावोजींनी ती मुकाट्याने पिऊन टाकली, हात धुतला आणि उठले. "अवो, बांगडे ऱ्हवले मां," जाऊ म्हणाली. "कढी झाली. आता कसला जेवाण?" असे म्हणून ते पडवीत जाऊन बसले आणि तळलेल्या बांगड्यांच्या वासाने संध्याकाळपर्यंत कासावीस होत राहिले. बाहेर जाताना आधी देवाला नमस्कार, मग चपला, मग छत्री. छत्री आधी हातात आली तर परत आत येऊन देवापासून सुरुवात. त्यापायी त्यांची एसटी कितीतरी वेळा चुकली आहे. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने थेट बोलायचे नसते, तो क्रमही ते पाळतात. त्यामुळे चहा हवा असला की म्हणतात, "मांजरा, चाय झाली काय बघ." मीही मांजरालाच उत्तर देते. आमच्या घरातले सगळे त्या मांजराला माहीत आहे.

भावोजी पूर्वी भजनाचे बुवा होते. त्यांच्या भैरवीसाठी लोक मुलांना मांडीवर झोपवून पहाटेपर्यंत बसून राहायचे. पखवाजाला माझे यजमान असत. आता यजमान नाहीत, आणि घशाच्या आजारात भावोजींचा आवाजही गेला. बोलतात ते नारळ खवल्यासारखे ऐकू येते. मागे राहिली ती भजनाच्या एका बारीची, म्हणजे एका बैठकीची, कॅसेट. तिलाही बुरशी लागू लागली, तेव्हा बांद्याच्या एका दुकानदाराने तिच्यातली गाणी काढून चिपेत भरली आणि चिप घालून गाणी वाजवायचा एक लहानसा डबा भावोजींना दिला. कॅसेट त्यानंतर फुकट गेली. त्या बारीत गौळण चालू असताना पखवाजाच्या तोंडाला लावलेली कणीक गळून पडते, आणि यजमान म्हणतात, "दादा, वायच रव, कणीक सुटली." मागे माणसे हसतात. ती कणीक मीच मळून दिली होती. यजमानांचे फोटो घरात आहेत, पण आवाज तेवढाच. डबा घरात आला तेव्हा मला बाकी काही नको होते, फक्त ती गौळण हवी होती. पण हे सांगणार कोणाला? मांजराला सांगितले असते तर ते भावोजींनाही कळले असते.

पहिल्या संध्याकाळी भावोजींनी अंघोळ करून डबा चौरंगावर ठेवला. नमन झाले. भावोजी डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. नमन संपले आणि डब्यातून एकदम त्यांचीच भैरवी सुरू झाली. भावोजींनी डोळे उघडले. भैरवी म्हणजे भजनाचा शेवट. ती झाली की त्या बैठकीत पुढे कोणी गायचे नसते. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हात जोडले, डबा बंद केला. "भैरवी झाली. उठा आता." अजून दिवा लावायचा होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी दाराआड तांदूळ निवडत बसायचे, आणि भैरवी लागली की सूप उचलून आत जायचे. शेवटी भावोजी डबा पिशवीत घालून बांद्याला गेले. तिथे काय झाले ते त्यांनी आल्यावर जावेला सांगितले. दुकानदाराने गाण्यांना एक ते दहा आकडे दिले होते आणि भैरवी दहावी होती.

"काका, मशिनीचा गणित तसाच आसता. ती आधी एक बघता, मगे एकान सुरू होता म्हणान धा बघता, मगे दोन."

"एकानंतर धा? खंयच्या शाळेत शिकलास रे?"

"मी नाय, काका, मशीन."

"मगे तिका शिकय."

त्याने आकडे काढून इंग्रजी अक्षरांत नावे घातली. भावोजी खुशीत घरी आले. संध्याकाळी डबा लावला तर नमनाचा पत्ताच नाही, पहिल्यापासून अभंग. अभंगामागून अभंग झाले आणि त्यानंतर पुन्हा भैरवी. इंग्रजीत अभंगाचा ए आणि भैरवीचा बी त्याच ओळीने येतात म्हणे. भावोजींनी डबा उलटा करून हलवला. बरणीतल्या लोणच्याच्या फोडी हलवून खाली-वर करतात, तसा.

"अवो, फुडचा बटण दाबा मगे," जाऊ म्हणाली.

"भैरवी मधीच तोडूची? माझीच भैरवी, माझ्याच हातान?"

पावसाळा गेला, शिमगा गेला. बांद्याच्या खेपा चालूच होत्या. कधी दुकान बंद, कधी वीज नाही, कधी दुकानदार गोव्याला. गौळण त्या डब्यात होती, माझ्यापासून चार हातांवर होती, आणि रोज संध्याकाळी तिच्या आधी भैरवी होत होती. मी आशा सोडली. तांदूळही स्वयंपाकघरातच निवडू लागले.

मग एकदा दुकानदाराला सुचले आणि त्याने पुन्हा आकडे घालून प्रत्येक एकेरी आकड्याच्या आधी पूज्य लावून दिले. एवढेच करायचे होते. त्या संध्याकाळी नमन झाले, अभंग झाले, आणि गौळणीची पेटी वाजू लागली तेव्हा भावोजी उठले. त्यांनी डबा उचलून मधल्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवला, तोंड आतल्या बाजूला करून, आणि स्वतः पडवीत पाठ फिरवून बसले. मी चुलीपाशी होते. "दादा, वायच रव, कणीक सुटली." माणसे हसली. मग पखवाज पुन्हा सुरू झाला. नंतर गजर झाला आणि त्यानंतर भैरवी आली, जिथे यायला हवी तिथेच. भावोजींनी हात जोडले, पण "उठा" म्हणाले नाहीत. डबा बंद झाला तरी तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बांद्याला निघाले. "आता कित्याक? सगळा बरोबर झाला मां?" जाऊ म्हणाली. त्यांनी देवाला नमस्कार केला, चपला घातल्या, छत्री घेतली. दुकानदाराला चिपेतून भैरवी काढायला लावून ते परत आले. दुकानदाराने ती कुठे ठेवू विचारले, तर म्हणाले, "तुझ्याकडेच ऱ्हवांदे."

आता गजर संपला की डबा आपला आपण पुन्हा नमनाला लागतो. "झाला मां आता?" जाऊ विचारते. "भैरवी खंय झाली?" भावोजी मांजराला म्हणतात. "भैरवी झाल्याशिवाय कोणी उठूचा नाय." पाने मांडली की ते डबा मध्येच बंद करतात, कधी अभंगात, कधी गौळणीत, आणि जेवायला बसतात. कढी मात्र अजून शेवटीच लागते.