हिरवी टेप

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गाडी तपासायला इतका वेळ लावत की गिऱ्हाईक डोक्याला हात लावून बसे. वर्कशॉप त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं. भाऊजी गाडीखाली, धाकटा गिऱ्हाइकासमोर. नाव कुणाचं झालं हे वेगळं सांगायला नको.

भाऊजींची एक खोड होती. जो वायरीचा जोड स्वतः केला, त्यावर हिरवी टेप गुंडाळायची. "उद्या बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळायला हवं," असं म्हणत.

एकदा एका शाळेची बस आली. चढावर ड्रायव्हरसमोरचा धोक्याचा दिवा लागायचा आणि बस मान टाकायची. बिघाड शोधणारा स्कॅनर धुराचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवत होता. धाकटा म्हणाला, "बदलून टाक, विषय संपव."

भाऊजींनी विषय संपवला नाही. सकाळी थंड इंजिनवर पाहिलं, तर सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवत होता. वायर हलवून पाहिली, आकडा जागचा हलला नाही. मग इंजिन चालू करून धुराच्या पाइपावर वेगळा मीटर धरला. दोन्ही आकडे जुळले, आणि दोन्ही नको तितके चढलेले होते.

"सेन्सर खरं सांगतोय," भाऊजी म्हणाले. "इंजेक्टर गळतोय. जादा डिझेल सायलेन्सरमध्ये जाऊन जळतंय. बस जाऊ देऊ नकोस."

ते इंजेक्टर आणायला बाजारात गेले, आणि धाकट्याने सेन्सरची वायर कापून तिथे एक रेझिस्टर जोडला. आता धूर कितीही तापला तरी कंप्युटरला एकच शहाणा आकडा दिसणार होता. दिवा विझला, मालक खूश होऊन बस घेऊन गेला. भाऊजींनी परत येऊन मालकाला फोन केला. तो म्हणाला, "दिवा गेला ना? मग झालं."

मुलं उतरल्यावर बस पेटली, एवढंच नशीब. ड्रायव्हर दार उघडताना दोन्ही हातांनी भाजला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी जळक्या वायरीचा वाचलेला तुकडा टेबलावर ठेवला. जोडावर हिरवी टेप होती. धाकट्याने ती भाऊजींच्या डब्यातून घेतली होती. मुद्दाम की हाताला लागली म्हणून, ते त्यालाच ठाऊक. मी तर मुद्दामच म्हणेन. सगळं वर्कशॉप भाऊजींकडे बघत होतं आणि धाकटा फरशीकडे. साहेबांनी दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला बोलावलं.

संध्याकाळी दोघा भावांच्या आईने भाऊजींना जवळ बसवलं. "त्याची पोरं लहान आहेत रे. तू थोरला. सांभाळून घे."

माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि आम्ही कोण?" दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जबाबात टेप आपलीच, जोडही आपलाच म्हणून सांगितलं.

त्यानंतर वर्कशॉप सुटलं, आणि दुसऱ्या एकाही गॅरेजने त्यांना दारात उभं केलं नाही. घरी बसून पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागले. ड्रायव्हरला भेटायला गेले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या मुठी आता मिटत नाहीत.

परवा मी बहिणीकडे गेलो होतो. धाकटा आपली नवी गाडी घेऊन आला, बायकोपोरांसकट. कुठेतरी लांब निघाले होते. "दादा, तोच दिवा लागतोय. जरा बघतोस?"

भाऊजी इस्त्रीची वायर तपासत होते. मीटर हातातच होता. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"सेन्सर गेला असेल," ते म्हणाले. "बदलून टाक."

धाकटा हसला, आभार मानून निघाला. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मागच्या काचेतून त्याची पोरगी भाऊजींना हात हलवत होती ते दिसलं.

बहीण दारात उभी होती. "तुम्ही मोजलं नाहीत," ती म्हणाली.

भाऊजींनी इस्त्रीचा जोड पुरा केला आणि त्यावर काळी टेप गुंडाळली.