हिरव्या गल्लीच्या अध्यक्षीणबाई

पर्यावरण वाचवायला निघालेल्या माणसाकडे कचरा कमी आणि किस्सेच जास्त साठतात. कचरा निदान ओला-सुका वेगळा करता येतो. किस्से सगळे एकाच डब्यात पडतात आणि झाकण उघडलं की वास आपल्याच घराचा येतो!

यवतमाळच्या आमच्या कॉलनीत आम्ही चौघींनी मिळून 'हिरवी गल्ली' नावाचं मंडळ काढलं. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, म्हणून अध्यक्ष मीच. समोरच्या रेखाताई, कोपऱ्यावरच्या मंगलाताई आणि माझ्या भिंतीला भिंत असलेली जमुना या बाकीच्या तिघी. जमुना दवाखान्यात नर्स आहे, माहेर नेरकडच्या तांड्यावरचं. तिची आई तिच्याकडेच राहायची. जमुना तिला याडी म्हणायची, म्हणजे आई. मग आम्हीही सगळ्या याडीच म्हणू लागलो.

आता जमुना माझ्या घरी येत नाही. मला तिची माफी मागायची आहे, ती अजून मागितलेली नाही. चारचौघींत बसले की मी बाकीचे किस्से रंगवून सांगते आणि तेवढा भाग गाळते. आज गाळणार नाही.

*

मंडळाची पहिली मीटिंग माझ्याकडे होती. मी पाऊण तास बोलले. प्लास्टिक मातीत किती वर्षं राहतं, गाईच्या पोटात काय काय सापडतं, सगळं सांगितलं. रेखाताईंनी तर डोळ्याला पदर लावला.

मग मी आतून पोहे आणले. थर्माकोलच्या प्लेटांत! वर प्लास्टिकचे चमचे. भांडी घासायला बाई आली नव्हती, म्हणून केलेली सोय होती.

सगळ्यांनी गुपचूप पोहे खाल्ले. जमुनानं रिकामी प्लेट हातात धरली आणि एखाद्या हुशार विद्यार्थिनीसारखं विचारलं, "मॅडम, हे आता ओल्यात टाकू का सुक्यात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते.

*

नंतर आम्ही घरोघरी खताचे माठ बसवले. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, वाळलेला पाला, वरून थोडी माती. मी दर रविवारी माठांची तपासणी करायचे, वह्या तपासल्यासारखी.

मंगलाताईंचा माठ बरा होता. जमुनाचा तर उत्तमच! याडी रोज त्यात काडी फिरवायची आणि वरून चुलीतली राख टाकायची. रेखाताईंच्या माठाचं झाकण उघडलं तर आत काही हालचालच नाही. वास मात्र दवाखान्यासारखा.

"रेखाताई, यात काय टाकलं?"

"फिनेल!" रेखाताई अभिमानानं म्हणाल्या. "अळ्या झाल्या व्हत्या नं बाप्पा! तुम्ही तपासाले येणार म्हून दोन दिस आधीच टाकलं. आता पाहा कसा चकाचक आहे!"

*

हा किस्सा माझा आहे आणि मला तो आवडत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो. नळाच्या दिवशी गल्लीत लग्नघरासारखी धावपळ असते. त्या मे महिन्यात मी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी पाणी बचतीचा एक मेसेज टाकायचे. भाजी धुतलेलं पाणी झाडाला घाला, बादलीत आंघोळ करा, वगैरे.

एका सकाळी नळ आला. मी घाईघाईनं अंगणातला ड्रम आडवा केला. अर्धा ड्रम पाणी नालीतून वाहत गेलं. मग दुसरा ड्रम. मग हंडे. माझ्या आईच्या घरी असंच करायचे, सासरीही असंच. नवीन पाणी भरायचं तर जुनं ओतून द्यायचं! यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

भिंतीपलीकडे जमुना आणि याडी उभ्या होत्या. याडी नालीतल्या पाण्याकडे बघत होती.

"काहून ओतून राह्यल्या मॅडम?" जमुनानं विचारलं.

"अगं, शिळं झालं ना ते. चार दिवसांचं."

जमुना अगदी साधेपणानं म्हणाली, "पाणी शिळं व्हते, हे मले इथं आल्यावर समजलं. आमच्या तांड्यावर ते तेवढे दिवस उरतच नव्हतं."

त्या दिवशी ग्रुपवर मी मेसेज टाकला नाही.

*

आता सोलर कुकर. मी तो मोठ्या हौसेनं आणला, गच्चीवर ठेवला आणि जाहीर केलं की रविवारी सगळ्यांना उन्हात शिजलेली खिचडी! आपल्याकडे उन्हाला काय तोटा?

नेमकं त्या रविवारी आभाळ आलं. बारा वाजले, एक वाजला. डाळ जशीच्या तशी कडक. मंडळ जेवायला येणार दोन वाजता! मी खाली आले, गॅसवर कुकर चढवला, तीन शिट्ट्या काढल्या आणि खिचडी सोलर कुकरच्या काळ्या डब्यांत भरून पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवली. फोटोही काढला. फोटोखाली लिहिलं, 'सूर्यदेवाची कृपा!'

सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मंगलाताई म्हणाल्या की चवच वेगळी आहे. याडीनं दोन घास खाल्ले, तिसरा घास बोटांवर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "खालून लागली वो मास्तरीणबाई. तुमच्या गच्चीवर ऊन खालून येते का?"

जमुनानं तिला दटावलं. याडी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग जाताना माझ्या पाठीवर थोपटून गेली. कुणालाच काही बोलली नाही. मी मात्र तो फोटो अजून पुसलेला नाही, आणि खरं काय तेही कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात याडी गेली. चार दिवसांचा ताप, बस.

*

आता तो गाळलेला भाग.

याडीला जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. सकाळी घंटागाडी आली. कचरा गोळा करणाऱ्या शांताबाई ओल्या कचऱ्यात हात घालून प्लास्टिक वेगळं काढतात. एकदम ओरडल्या. तळहातात काच शिरली होती, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. आमच्या गल्लीचा ओला कचरा, आणि त्यात काचा!

सगळ्या बाहेर आल्या. मी अध्यक्ष! मी गप्प बसते कशी? आधी संताप आला, मग नजर फिरली ती थेट जमुनाकडे.

"जमुना, तुमच्याकडे औषधांच्या, इंजेक्शनच्या बाटल्या असतात. इतकं सांगूनही ओल्यात टाकता? निदान तुला तरी कळायला हवं."

जमुनानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आत जाऊन पेटी घेऊन आली, शांताबाईंना आपल्या ओट्यावर बसवलं, काच काढली, पट्टी बांधली, धनुर्वाताच्या इंजेक्शनला दवाखान्यात कधी यायचं ते सांगितलं.

मी घरात येऊन तणतणत चहा ठेवला. आमचे हे पेपर खाली ठेवून हळूच म्हणाले, "अगं, ती काच आपली होती. काल लोणच्याची बरणी फुटली माझ्या हातून. तू ओरडशील म्हणून सालांखाली दाबली."

चहा उतू गेला. दार उघडंच होतं. जमुना अजून बाहेर तिच्या ओट्यावर शांताबाईंचा हात धरून बसली होती. वीस पावलं चालायची होती. मी गॅस बंद केला, शेगडी पुसली, आणि नाही गेले! मला लाज वाटली म्हणून गेले नाही. लाज वाटली की माणूस माफी मागायला जातो म्हणतात. मी दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून जमुनानं मंडळ सोडलं. माझ्याकडे येणंही सोडलं.

*

संक्रांत आली. हळदीकुंकवाला दरवर्षी मी प्लास्टिकचे डबे वाण म्हणून वाटायचे. या वेळी ठरवलं, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायच्या. कपाट उपसलं. तळाशी एक हिरवी सुती साडी घडीसकट पडलेली होती, केशरी काठाची, कधीच न नेसलेली. कुणीतरी आहेरात दिलेली असणार. रंग भडक, मला न शोभणारा. पण कापड दणकट! तिच्या सहा पिशव्या झाल्या. बाकीच्या इतर साड्यांच्या.

जमुनाला मी स्वतः बोलावणं करायला गेले. दारातच म्हटलं, "नक्की ये, तुझ्याशी बोलायचंय." ती "पाह्यतो" म्हणाली.

आणि ती आली! मला इतकं बरं वाटलं. मनात वाक्य तयार होतं. ते काल, परवा, आंघोळ करताना, वर्गात फळा पुसताना, कितीदा तरी म्हणून झालं होतं: जमुना, त्या काचा आमच्या होत्या. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, एक पिशवी तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "जमुना, त्या काचा..."

ती ऐकत नव्हती. पिशवी उलटी करून काठाला लावलेल्या फॉलची शिवण पाहत होती. लाल दोऱ्याची, हातानं घातलेली, टाके थोडे मोठे आणि वाकडे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी घातलेले.

तेव्हा मला आठवलं. माझ्या मुलीच्या लग्नात याडी मांडवात आली होती. माझ्या ओटीत साडी घालून म्हणाली होती, "फॉल मी लावला, नेसा बरं."

"किती शिवल्या ह्या साडीच्या?" जमुनानं विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

माझं वाक्य तिथेच राहिलं. ती उठली. बायका दारात चपला शोधत होत्या. हिरवी पिशवी हातात असलेल्या एकेकीजवळ जमुना गेली. "ताई, हे पिशवी मले देता का? माह्याकडचा स्टीलचा डबा देतो तुमाले." मंगलाताईंनी दिली. मागच्या गल्लीतल्या तिघींनी दिली. ती प्रत्येक पिशवी हातानं सपाट करून दुसरीवर ठेवत होती.

शेवटची रेखाताईंची. त्यांनी आपली पिशवी तिला दिली, आणि तिथूनच मला हाक मारून मोठ्यानं म्हणाल्या, "पाहा मॅडम! तुमच्या पिशव्या जमुनालेच सगळ्यात जास्त आवडल्या!"