किरकोळीतले उपकार

आभार ऐकून ऐकून देव कधी कंटाळला असेल, तर त्याला आमचे थोरले मास्तर जबाबदार होते, दुसरं कोणी नाही. कोपरगाव तालुक्यातल्या एका गावी मिशनच्या शाळेत ते हेडमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक शिक्षक. म्हणून गाव त्यांना थोरले मास्तर म्हणे आणि मला धाकटे. लढाईची वर्षं होती. रेशनवर लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी तव्यावर पोचायच्या आधीच तीन ठिकाणी भेगाळे. चहूकडे ऊस, कारखान्याचा धूर रोज दिसायचा, साखर तेवढी दिसायची नाही. अशा दिवसांत माणूस देवाकडे काहीबाही मागत असतो. थोरले मास्तर मागत काहीच नसत. नुसते उपकार मानत, आणि तेही आम्हा सर्वांना ओसरीवर बसवून.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थनेची बैठक भरे. तिथे प्रत्येकाने उठून एक उपकार मानायचा. पहिल्याच गुरुवारी मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि "आरोग्य, अन्न आणि वस्त्र यांबद्दल," असं झोकात म्हणालो.

"थांबा," थोरले मास्तर म्हणाले. "हा ठोक माल झाला, धाकटे मास्तर. आपल्याकडे किरकोळीत चालतं. या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी काय बरं पाहिलंत, तेवढंच सांगा."

मला काही म्हणजे काही आठवेना. समोर भिंतीवर पाल होती. मी तिच्याबद्दल उपकार मानले.

"तिच्यातलं काय आवडलं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. त्यांच्या पत्नी, थोरल्या बाई, पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

त्यांचा स्वतःचा माल मात्र अस्सल असे. ज्वारीत यंदा खडे मोठाले निघतात, म्हणजे निवडताना सापडतात, दाताखाली येत नाहीत, याबद्दल उपकार. एका काडीत चूलही पेटली आणि कंदीलही, याबद्दल उपकार. कापड मिळेना म्हणून त्यांनी जुना कोट उसवून उलटा शिवून घेतला, तेव्हा वरचा खिसा डावीकडून उजवीकडे आला. मास्तर डावखुरे. "वीस वर्षं हा कोट दुसऱ्या कोणाचा तरी होता," ते बैठकीत म्हणाले, "आता कुठे माझा झाला."

पण हे सगळं टिपणारे डोळेच अधू होत चालले होते. आतली शीर सुकतेय, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, "पोराच्या पाटीवरची चूक मला दिसेनाशी झाली, की त्या दिवशी मी खुर्ची सोडणार." शाळेशिवाय या माणसाचं काय होईल, याचा विचार आम्ही कोणी मोठ्याने करत नसू.

आणि अशात मी माझा पराक्रम केला. चैत्रातला गुरुवार होता. आठवडाभर मी दुपारी झोपण्यापलीकडे काही केलं नव्हतं, म्हणून उठून ठोकून दिलं, "ओढ्याकाठच्या वठलेल्या लिंबाच्या शेंड्याला पालवी फुटलीय, याबद्दल." सगळे आमेन म्हणाले. पालीनंतर मी बरीच प्रगती केली असं वाटून मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थोरले मास्तर भर उन्हात ओढ्यावर गेले. कपाळावर हात धरून पाहिलं, झाडाला फेरा मारला. काही दिसेना. शेजारच्या रानात एक शेतकरी ढेकळं फोडत होता. त्याला त्यांनी विचारलं, "शेंड्याला पालवी आहे का हो?"

त्याने झाडाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या आशेने विचारणाऱ्या मास्तरांना नाही कसं म्हणायचं? "हाय की, मास्तर," तो म्हणाला. "चांगली वाटीभर हाय."

शनिवारी ते पुन्हा गेले, सोमवारी पुन्हा. मंगळवारी सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "वाचून बघा. ओळी सरळ आल्यात का?"

तो राजीनामा होता.

"तुम्हाला दिसली, त्या शेतकऱ्याला दिसली," ते म्हणाले. "मला नाही दिसली. पाट्यांवरच्या चुकाही अशाच सुटत असणार."

"मास्तर, तिथे पालवी नाहीच."

"म्हणजे?"

"मी खोटं बोललो."

"आणि तो शेतकरी?"

"तो तुमच्या भिडेखातर बोलला."

माझी नोकरी गेली, हे मी मनात धरून चाललो होतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे लिंब वठलेलाच आहे?"

"ठार वठलेला."

"ठार?" त्यांनी पुन्हा विचारलं, घरात पाळणा हलल्याची बातमी ऐकावी तसं. कागदाची टंचाई होती, म्हणून राजीनामा फाडला नाही. त्याच्या पाठीवर तिसरीची गणितं लिहिली. त्या गुरुवारी त्यांनी उपकार मानले, "एक झाड वठलेलं आहे आणि मला ते तसंच दिसलं, याबद्दल." मला शिक्षा झाली: दर आठवड्याला दोन उपकार, तेही साक्षीदारासकट. त्या धाकाने मी रस्त्याने बघत चालायला लागलो. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी बक्षिसी ही एका थापेची शिक्षा आहे.

दीड वर्ष मिळालं त्यांना. मग एके दिवशी पाटी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले, आणि कोणी न सांगता त्यांनी ती माझ्याकडे दिली.

लेकीकडे नगरला निघाले तेव्हा मी कोपरगाव स्टेशनपर्यंत गेलो. थोरल्या बाई बोचकी लावत होत्या. मास्तर खिडकीशी बसले आणि म्हणाले, "हं. सांगा."

मी सांगायला लागलो. एक बाई शेंगा सोलतेय आणि निम्म्या शेजारणीच्या ओच्यात टाकतेय. हमालाने पागोटं उशाला घेतलंय आणि झोपेत हसतोय. नळाखाली चिमणी अंघोळ करतेय. ते मान डोलावत होते. गाडी हलली. मी खिडकीला धरून चालत राहिलो, सांगत राहिलो. फलाट संपला तेव्हा माझ्याकडे अजून दोन-तीन गोष्टी उरल्या होत्या.