रुसओले

शब्दांवरचे ब्लॉग वाचायची मला सवय आहे. परवा एका ब्लॉगवर धुण्या-वाळवण्याचे शब्द निघाले होते. खाली कुणीतरी टोपणनावानं विचारलं होतं, "अर्धवट वाळलेल्या कपड्यांना आमच्याकडे 'रुसओले' म्हणायचे. आणखी कुणाकडे म्हणतात का?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. हा शब्द आईनं घरीच जुळवलेला. ती गेल्यावर तो माहीत असलेले आम्ही दोघंच उरलो, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू. आईच्या आजारपणात आमचं भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद आहे.

"हा नंदू आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"मग लिही की त्याला."

एखादा शब्द दोनच माणसांना येत असेल आणि तीच एकमेकांशी बोलत नसतील, तर त्या शब्दानं राहायचं कुठं?

"हो, आमच्याकडेही म्हणतात," मी लिहिलं. वाचून पाहिलं, तर फार परकं वाटलं. 'आमच्याकडेही' खोडलं आणि लिहिलं, "हो, आपल्याकडे म्हणतात." धीर सुटायच्या आत पाठवून दिलं.