बिब्ब्याच्या खुणेचं विमान

लिहिणं हे माझं काम नव्हे, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात आजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला. वडील सही करायला शिकले, पण सही करताना त्यांची जीभ बाहेर यायची आणि सगळ्या घराने श्वास रोखून धरायचा. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर लिहिणाऱ्यांच्या पंगतीत येऊन बसणं बरं दिसत नाही, तेव्हा आधीच माफी मागतो. कुणी उठवलं तर मुकाट्याने उठेन. त्यात विषय विमानाचा, आणि मी आजपर्यंत विमानात बसलेलो नाही. फक्त एका विमानातली एकेक तार मला नावानिशी माहीत होती.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. पारशिवनीजवळच्या आमच्या गावातून मी नागपूरला बी.एस्सी.ला आलो होतो. शेवटच्या वर्षाला, जानेवारीत, अक्कलदाढ दुखायला लागली, म्हणून धंतोलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. साठीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या तोंडात दोन बोळे कोंबले आणि मग विचारलं, "काय शिकून राहिला?" शर्टाच्या खिशातल्या प्रॅक्टिकलच्या कागदावरून त्यांनीच उत्तर शोधलं. "फिजिक्स! म्हणजे तारांचं समजते तुला?"

मी "अं अं" म्हणालो. त्याचा अर्थ नाही असा होता.

"वा! मग उद्यापासून संध्याकाळी येत जा," डॉक्टर म्हणाले.

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. बोळे काढल्यावरही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तर दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये एक विमान उभं होतं. प्लायवूडचं, दोन सीटचं, पंख काढून भिंतीला टेकवलेले, जशी घरात जादा खाट उभी करून ठेवतात. परदेशातून नकाशे मागवून डॉक्टर ते कित्येक वर्षं बांधत होते. मोटार गॅरेजबाहेर उन्हापावसात गंजत होती.

डॉक्टरांकडे विमान चालवण्याचा परवाना होता. पण तो त्या वर्षअखेरपर्यंतच होता, आणि पुढे डॉक्टरी तपासणी झाल्याशिवाय वाढणार नव्हता. जन्मभर दात कोरायच्या मशीनच्या घरघरीत काम करून त्यांचे कान गेले होते. तपासणीत आपण नापास होणार, हे त्यांना स्वतःलाच पक्कं ठाऊक होतं. म्हणजे वर्ष संपायच्या आत मुंबईच्या सरकारी इन्स्पेक्टरने येऊन विमान पास करायला हवं होतं. नाहीतर हे विमान डॉक्टरांना खाली उभं राहून दुसऱ्याने उडवलेलं पाहावं लागलं असतं. लाकूडकाम झालं होतं, इंजिन बसलं होतं. राहिल्या होत्या फक्त तारा.

"अन् ते पास नाही झालं तर?" मी भीत भीत विचारलं.

डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. दारातून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, उत्तर दिलं. "तर मी त्याच्यात वाळवण घालीन. दोन सीट आहेत. एकात पापड, एकात कुरड्या."

पहिलं काम तार निवडण्याचं. डॉक्टरांनी मला सीताबर्डीला विजेच्या दुकानात पाठवलं. मी दुकानदाराला म्हणालो की तार पाहिजे. त्याने विचारलं, "किती पॉइंटची फिटिंग आहे?"

"पॉइंट नाही. विमान आहे."

"गणपतीच्या देखाव्याचं?"

"उडवायचं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग नोकराला हाक मारली. "भाऊले ती लुकलुकणारी माळ दाखव गा."

माळ नको एवढं सांगायलाच मला बराच वेळ लागला. शेवटी चार जातीच्या तारांचे हात-हातभर तुकडे घेऊन परतलो. डॉक्टरांनी आधी मेणबत्तीवर एकेक तुकडा जाळून वास घेतला. ज्या तारेचा धूर डोळ्याला लागला ती बाद, कारण आकाशात खिडकीतून डोकं काढून खोकता येत नाही. तो धूर दवाखान्यातही गेला. बाकावर बसलेल्या एका बाईंचा दात तेवढ्यानेच काढायचा राहिला, आणि त्या घरी गेल्या.

दुसरी परीक्षा हादऱ्यांची. घरातल्या तारेत एकच जाड तांब्याची कांडी असते. विमानाच्या थरथरीने ती एका जागी वाकून वाकून तुटते. बारीक केसांची जुडी असावी तशी तार लागते, आणि ती कल्हई केलेली असावी म्हणजे गंजत नाही. हे पुस्तकात होतं, पण डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहायचं होतं. त्यांनी तुकडे दात कोरायच्या मशीनच्या दांड्याला बांधले आणि पेशंट घेतले.

"असं केलं म्हणजे पेशंटचंही काम होते न तारेचंही," ते ओरडून मला म्हणाले. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर चार तारा लोंबत होत्या. त्याने आ वासलेल्या तोंडाने काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी त्याला तारेच्या जाडीबद्दल सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत होता. त्याच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. एका कारकुनाची दाढ कोरताना मध्येच जाड कांडीवाली तार टणकन तुटली आणि त्याच्या मांडीवर पडली. "तुटली!" डॉक्टर आनंदाने ओरडले. कारकून पांढराफटक पडला. त्याला वाटलं, दाढच.

तार ठरली, आली, आणि आम्ही ती विमानाच्या पोटातून ओढली. सगळी तार एकाच रंगाची, पांढरी. त्यामुळे कोणती कुठे जाते हे कळायला प्रत्येकीला खूण हवी होती. मला आधी वाटलं, एवढं काय त्यात? मग डॉक्टरांनी सांगितलं. घरात बटणाने तार जोडली की दिवा लागतो. विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारं जे यंत्र असतं, त्याची तार बटणाने जोडली की इंजिन बंद पडतं. दोघींची अदलाबदल झाली, तर दिवा लावायला गेलेला माणूस आकाशात इंजिन बंद करून बसेल. त्या दिवसापासून मी खोलीवरचा दिवासुद्धा जरा जपून लावायला लागलो.

पहिल्यांदा आम्ही खुणा एकाच टोकाला बांधल्या. इंजिनाच्या मागच्या फळीतल्या भोकातून तारांची जुडी पलीकडे गेली, आणि पलीकडे सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. आम्ही दोघं फळीच्या दोन बाजूंना बसून एकेक तार ओढत होतो. "ही का?" "काय?" "ही का?" "मोठ्यानं बोल!"

काकू चहा घेऊन आल्या. "नवरीले माहेर असते न सासरही असते," त्या म्हणाल्या. "एकाच घरचं नाव लिहून ठेवता, मग वरात कुठं न्यावं?"

मग दोन्ही टोकांना खुणा करायचं ठरलं. पण खूण टिकेना. कागद गळून पडला. दवाखान्यातल्या चिकटपट्टीवर शाईने आकडे लिहिले, ते पेट्रोलच्या फडक्याने एका फटक्यात पुसले गेले. मग मी, कधी नव्हे ते, आपणहून बोललो. आमच्याकडे धोबी कपड्यावर बिब्ब्याची खूण करतो. बिब्ब्याचा रस, वर जरासा चुना. कापड फाटतं, पण खूण जात नाही.

डॉक्टरांनी मला मिठीच मारली. काकूंनी कपाळावर हात मारला. "आता विमानातही बिब्बा घाला."

रविवारी गावी जाऊन मी जंगलातले बिब्बे आणले. लिहायला कापडी फीत हवी होती. डॉक्टरांनी काकूंच्या कपाटातून परकराच्या नाडीची गुंडाळी काढली आणि तिचे तुकडे पाडले. काकूंना कळलं तेव्हा त्या गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझी नाडी आभाळात चालली वाटते. अन् मी काय सुतळी बांधू?"

मी डॉक्टरांना सांगितलं की बिब्ब्याला हात लावण्याआधी खोबरेल तेल चोळा, नाहीतर तो उततो. अंगावर फोड येतात. डॉक्टर हसले. "अरे, मी जन्मभर फिनॉलमध्ये हात घालून राहिलो. मला काय होते?" दात टोकरायची बारीक सळई बिब्ब्याच्या रसात बुडवून ते सुंदर आकडे काढत होते. मध्येच चष्मा वर करायचे, डोळा चोळायचे, कान खाजवायचे. मी तेल लावून फिती बांधत होतो. आकडे काळेभोर उठले. पेट्रोल घातलं, गेले नाहीत. रॉकेल घातलं, गेले नाहीत. ऑईल घातलं, तसेच. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शोध लावल्यासारखा खोलीवर गेलो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचं तोंड भोपळ्याएवढं झालं. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या. हातांवर टरटरून फोड. काकू त्यांना तिळाचं तेल लावत होत्या आणि बोलत होत्या. डॉक्टरांना काही ऐकू येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं, त्यामुळे काकूंना बऱ्याच वर्षांचं साचलेलं बोलून घेता आलं.

आणि त्याच आठवड्यात मुंबईचे साहेब आले. वर्ष संपण्याआधी त्यांना पुन्हा नागपूरला यायला जमणार नव्हतं. त्यांनी फाटकातून व्हरांड्यात बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. तेव्हा देवीच्या रोगाची भीती अजून गेलेली नव्हती.

"यांना देवी आल्यात. मी आत येणार नाही," साहेब म्हणाले.

"देवी नाही साहेब, बिब्बा आहे," काकू म्हणाल्या.

"बिब्बा? लिंबू-मिरचीबरोबर दारात टांगतात तो?"

"हो. यांनी विमानात टांगला."

साहेबांचा चेहरा आणखी कडक झाला. "विमानाला दृष्ट लागू नये म्हणून? हे बघा, मी सरकारी तपासणीला आलोय."

साहेब परतायलाच निघाले होते. विमान राहिलं असतं, वर्ष गेलं असतं, आणि डॉक्टरांचं उडणंही. काकूंनी मला पाठीमागून ढोसलं. "बोल ना गा, कॉलेजवाल्या! तुले काय पेपरात लिहाले शिकवलं फक्त?"

मी पुढे झालो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. "साहेब, पुसून पाहा," एवढं नक्की म्हणालो. आणि पेट्रोलचं फडकं त्यांच्यापुढे धरलं.

डॉक्टरांपासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहून साहेब गॅरेजमध्ये आले. एक खूण त्यांनी मला फडक्याने घासायला लावली. मग जोरात घासायला लावली. मग म्हणाले, "सोळा नंबर कुठे जाते?" मी फळीच्या पलीकडे जाऊन सोळा नंबर हलवली. "नऊ?" नऊ हलवली. मधूनच व्हरांड्यातून डॉक्टर ओरडायचे, "कल्हईची तार आहे म्हणावं! जाळून पाहिली म्हणावं!" साहेब दचकायचे. असं करत त्यांनी सगळ्या तारा तपासल्या. शेवटी फितीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कापड कोणतं?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "खास आहे. बाजारात नवं आलं."

नमुना म्हणून साहेबांनी एक फीत मागितली. मी ती कागदात गुंडाळून दिली आणि हात लावू नका म्हणून सांगितलं. "अहवाल पाठवतो," एवढंच बोलून ते गेले. पास की नापास, काही नाही.

माझी परीक्षा झाली. निकाल लागला. दूर चंद्रपूरकडच्या एका गावातल्या शाळेत मला मास्तरकी मिळाली आणि मी निघालो, तेव्हा डॉक्टरांच्या हातांवर फोडांचे डाग अजून होते आणि मुंबईहून काही आलेलं नव्हतं. शाळेत गेल्यावर कार्ड लिहायला मी कितीदा बसलो. पण विमान नापास झालं असेल तर विचारणं म्हणजे दुखऱ्या दाढेवर बोट ठेवणं. आणि पास झालं असेल तर ते कळवतीलच, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पाऊस गेला, दिवाळी गेली, वर्ष संपलं. कुणी काही कळवलं नाही. एकतीस डिसेंबरला मी वर्गात पोरांवर उगाच ओरडलो. डॉक्टरांचा परवाना आता संपला, एवढंच डोक्यात होतं.

उन्हाळ्यात आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. तांदळाचं पोतं उतरवलं, माझी खोली झाडली, मी वाळलो म्हणाली. मग गावची बातमीपत्रं सुरू झाली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस व्याली, बांधावरून कोण कोणाशी बोलत नाही. भाकरी थापता थापता मध्येच म्हणाली, "अन् तुह्या त्या दातवाल्या डॉक्टरणीनं यष्टीच्या कंडक्टरच्या हाती निरोप धाडला होता. मी इसरलीच."

"काय निरोप?"

"इमान पास झालं म्हणा. डॉक्टर सोताच उडले म्हणा. रामटेकच्या गडापर्यंत गेले न वापस आले."

"कधी वं माय?"

"धान कापून राहिलो होतो तवा."

म्हणजे दिवाळीच्या सुमाराला. परवाना संपायच्या आत. मी तसाच भिंतीला टेकून बसलो. मग मला तिचा राग आला.

"एवढे महिने झाले! मले काहून नाही कळवलं?"

आईने भाकरी उलटली. "त्यात काय कळवाचं? माणूस धड खाली आला ना? नसता आला, तं दुसऱ्याच दिवशी कळवलं असतं."