साथ समयोचित होती

पेटीआजीचं पान कुठे गेलं, असं तू परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंस. मग जरा थांबून म्हणालीस, "आजी, चर्चेत शेवटची सही तुझी आहे." मागून तुझा भाऊ ओरडला, "आजीने पेटीआजीला आउट केलं!" मी हसले आणि तुमच्याकडच्या थंडीबद्दल विचारू लागले. ते काही बरोबर केलं नाही. म्हणून आता हे क्रमाने लिहिते आहे.

तुम्ही मे महिन्यात मुलुंडला यायचात, तेव्हा पेटीआजी रोज सकाळी भांडुपहून रिक्षाने यायची आणि तुम्हा दोघांना हार्मोनियमसमोर बसवायची. तू भाता इतक्या जोरात मारायचीस की ती म्हणायची, "अगं, पेटी आहे ती, सायकलचा पंप नाही." तुमची सुट्टी संपली की तिचं रोजचं आयुष्य सुरू व्हायचं. ती कुठल्या संस्थेत नोकरीला नव्हती आणि कुणा एका गवयाच्या पदरीही नव्हती. फोन आला की पेटी उचलायची आणि निघायचं. आज बोरिवलीला नाट्यगीतं, उद्या अंधेरीच्या एखाद्या सोसायटीत ख्याल, परवा घाटकोपरला कुणाच्या तरी पंचाहत्तरीला अभंग. गायक येईल तो, पट्टी सांगतील ती. चाळीस वर्षं तिने हेच केलं.

गेल्या वर्षी तिच्या भाचीने मराठी मुक्त ज्ञानकोशात तिचं पान तयार केलं. या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा झाला की तासभर तिथे काम करते, हेही माहीत आहे. तिथे माझी ख्याती कडक म्हणून आहे. बिल्डर, ज्योतिषी, नगरसेवक स्वतःची पानं स्वतःच लिहून जातात, आणि मी त्या पानाच्या चर्चेत 'वगळा' असं मत देऊन सही करते. नियम सोपा आहे. ज्याचं पान आहे त्याच्याविषयी, त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणीतरी, निदान दोन ठिकाणी सविस्तर छापलेलं असलं पाहिजे. नुसता उल्लेख चालत नाही, कार्यक्रमाची पत्रिका चालत नाही आणि 'सगळ्यांना माहीत आहे' हे तर मुळीच चालत नाही.

तिचं पान मला भाचीने दाखवलं तेव्हाच मी ओळखलं होतं की याला आधार नाही. पण मी गप्प बसले. दुसऱ्या कुणाचं असतं तर गप्प बसले नसते. ही माझी पहिली चूक.

पानावर फार काही नव्हतं. एक फोटो, गावोगावच्या कार्यक्रमांबद्दल चार ओळी, आणि एक वाक्य: पेटीचं प्राथमिक शिक्षण वडिलांकडे झालं. पुढे वडिलांचं नाव. वडील कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी भांडुपच्या बुद्धविहारात गायनपार्टीबरोबर पेटी वाजवायचे. ते वाक्य ती ज्याला त्याला दाखवायची. रिक्षावाल्यालासुद्धा. "माझं सोडा हो, बाबांचं नाव बघा. कुठे नव्हतं ना ते, रेशनकार्ड सोडलं तर."

मग एका सकाळी तिचा फोन आला. "वहिनी, माझ्या पानावर नोटीस लागलीय. धोकादायक इमारतीवर लावतात ना, तशी."

मी पाहिलं. दुसऱ्या एका संपादकाने माथ्यावर चौकट लावली होती: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, सात दिवसांत संदर्भ मिळाले नाहीत तर पान वगळावे. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तुझ्याकडे जी काही कात्रणं असतील ती घेऊन ये. सगळी."

ती साडीच्या दुकानाच्या पिशवीतून कात्रणं घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर मी वर्तमानपत्र अंथरलं आणि वर्षाप्रमाणे गठ्ठे लावायला घेतले. बहुतेक कात्रणं कार्यक्रमांच्या वृत्तांतांची होती. एकेक वाचत गेले. गायकाचं घराणं, गायकाचा पोशाख, कुठला राग किती रंगला, आणि शेवटी एक ओळ. साथसंगत अनुरूप होती. साथ पोषक होती. साथीदारांनी समयोचित साथ केली.

"नाव कुठाय?" मी विचारलं.

"नाव कशाला असेल? ही बघा ना, 'अनुरूप' मी. ही 'पोषक' पण मीच." तिने एक पिवळं पडलेलं कात्रण उचललं. "आणि ही 'मोलाची'. त्या दिवशी मला ताप होता."

आम्ही दोघी खूप हसलो. पण गठ्ठे संपत आले तसं माझं हसू कमी होत गेलं. एकाही कात्रणात तिचं नाव नव्हतं. मराठीत गाण्याचा वृत्तांत लिहायची रीतच अशी आहे: साथीदारांना शेवटी एक विशेषण द्यायचं आणि उठायचं.

सगळ्यात खाली आमच्या मुलुंडच्या साप्ताहिकाचं कात्रण होतं. शाळेच्या सभागृहात आमच्या संगीत मंडळाने केलेल्या बैठकीचा वृत्तांत. खाली लेखकाचं नाव नव्हतं. पहिल्याच वाक्यावर मी थांबले, कारण ते माझं होतं. मंडळाची चिटणीस मी होते आणि वृत्तांत मीच पाठवायची. शेवटच्या परिच्छेदात आभार होते. सभागृह देणाऱ्या मुख्याध्यापकांचं नाव होतं, समई आणणाऱ्या बाईंचं होतं, हार देणाऱ्या फुलवाल्याचं आडनावासकट होतं. आणि मग: 'हार्मोनियम व तबल्याची साथ समयोचित होती.'

ती बैठक मला नीट आठवते. बाहेरगावचे वयस्कर बुवा गात होते. मध्यंतरानंतर एका बंदिशीच्या अंतऱ्यावर ते आले आणि थांबले. शब्द गेले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने पेटीवर तोच सूर उचलला, जणू बुवांनीच तिला वाजवायला जागा दिली होती, आणि एक वळसा घेऊन अंतऱ्याची चाल अशी सावकाश वाजवली की शब्द आपोआप जागेवर यावेत. ते आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या बुवांना. तिने मानही वर केली नाही. नंतर बाकं ढकलून केलेल्या त्या वर्गातल्या ग्रीनरूममध्ये तिने माझं मनगट धरलं. "वहिनी, हे लिहू नका हं. बुवांचं वय झालंय, त्यांना लागेल."

मी लिहिलं नाही. शब्द पाळला म्हणून इतकी वर्षं स्वतःवर खूशही होते. पण प्रसंग लिहू नका, असं ती म्हणाली होती. नाव लिहू नका, असं ती म्हणाली नव्हती.

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं.

"माहितीये."

"तेव्हापासून?"

"मग! तुमच्याशिवाय 'समयोचित' कोण लिहिणार मुलुंडात?"

"अगं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? सगळेच लिहितात तसं. फुलवाल्याचं नाव घातलंत, तो दर वेळी फुकट हार द्यायचा. मी तर पाकीट घेऊन वाजवायचे." तिने ते कात्रण अलगद घडी घालून पिशवीत ठेवलं. एवढं जपून ठेवण्यासारखं त्यात काय होतं, हे मी विचारलं नाही. तिने वाजवलेलं त्यात होतं, एवढंच.

संध्याकाळी भाची ऑफिसातून थेट आमच्याकडे आली. हुशार मुलगी. म्हणाली, "काकू, सोपंय ना. तुम्ही आत्ता एक लेख लिहा, कुठे तरी छापून आणू, आणि तोच संदर्भ म्हणून लावू. तुम्ही स्वतः ऐकलंय तिला."

खरं सांगते, मी रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत त्याचा विचार केला. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजल्या नाहीत. मग मला ते बिल्डर आठवले. तेही हेच करतात: आधी ओळखीच्या माणसाकडून लेख छापून आणतात, मग तो संदर्भ म्हणून चिकटवतात. त्यांना 'वगळा' आणि हिला 'ठेवा', कारण ही माझ्या नातवंडांना शिकवते? उद्या कुणाच्याही पानाबद्दल कडक व्हायचा मला काय अधिकार राहिला असता?

सातव्या दिवशी मी चर्चापानावर लिहिलं. तू वाचलंसच, तरी इथे पुन्हा देते. 'मी या कलाकाराला ओळखते, म्हणून मत देत नाही. त्यांच्याकडची सर्व कात्रणे पाहिली. त्यांपैकी एकातही त्यांचे नाव नाही. एक कात्रण मी स्वतः लिहिलेले आहे आणि त्यातून नाव गाळण्याची चूक माझी आहे.' खाली सही केली. दुसऱ्या दिवशी पान गेलं. म्हणजे मी आउट दिलं नाही, पण दांडी पडलेली आहे एवढं सांगितलं. तुझ्या भावाला हा फरक कळेल.

नियम चुकीचा आहे, असं मला आजही वाटत नाही. कोश स्वतः काही शोधून काढत नाही. आधी कुणी लिहून ठेवलं असेल तेच उचलतो. लिहून ठेवायचं काम आमचं होतं.

तिला सांगायला मी भांडुपला गेले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. तिने चहा टाकला, ऐकून घेतलं. "गेलं तर गेलं. त्या फोटोत तरी पदर वाकडाच होता." मग तिने चहा कपांत ओतला. चहावर साय धरली. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे न बघता म्हणाली, "बाबांचं नाव पण गेलं असेल ना त्याबरोबर?"

"हो," मी म्हटलं.

घरी आले आणि कपाटातून मंडळाच्या फायली काढल्या. सगळ्या बैठकांच्या, माझ्या काळातल्या. दर मंगळवारी दुपारी ती आता माझ्याकडे येते. मी तारीख आणि गायक वाचते, ती आठवते, आणि मी एका नव्या वहीत लिहिते: तबला कुणाचा, पेटी कुणाची, तंबोऱ्यावर कोण. ही वही ज्ञानकोशात चालणार नाही, हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "नको चालू दे," ती म्हणाली. "आधी तबल्याचं लिहा. तो बिचारा तर गेलासुद्धा." तिची आठवण सुरांवरून चालते. "काळी एकचा तंबोरा होता, एक तार सारखी उतरायची, मुलगी वैतागलेली. थांबा हं वहिनी, नाव येईल." आणि दहा मिनिटांनी, भलतंच काही बोलताना, येतं.

त्या बुवांच्या बैठकीपाशी आम्ही मागच्या मंगळवारी पोचलो. तबलजीचं लिहिलं. मग मी तिचं नाव आणि आडनाव लिहिलं, आणि पुढच्या तारखेकडे वळले. तिने माझ्या पेनवर बोट ठेवलं.

"पूर्ण लिहा, वहिनी. मधलं पण."

तिने लग्न केलं नाही. मधलं नाव अजून वडिलांचंच आहे. मी ती ओळ खोडली नाही. दोन शब्दांच्या मध्ये जागा थोडी होती, तिथे बारीक अक्षरात बसवलं. मग वही मिटून आधीची सगळी पानं पुन्हा उघडली, कारण ती आधीही कितीतरी बैठकांना होती, आणि प्रत्येक ठिकाणी मधलं नाव घालायला संध्याकाळ झाली. ती शेजारी बसून एकेक तपासत होती.

या कागदांवर मी मुद्दाम कुणाचंच नाव घातलेलं नाही. वहीत आहेत. मे महिन्यात याल तेव्हा बघा.