जरीवाला सरांचं फॉल लावलेलं इंग्रजी

आमच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या बायका अजूनही कुठे लग्नात-बारशात भेटल्या, की पंगतीत एकीला काहीतरी आठवतं. ते ऐकून दुसरीला दुसरं आठवतं, आणि वाढणारे आमच्यासमोर भाताचं पातेलं घेऊन ताटकळतात. हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात, तसे ते साठत गेले.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरतची. आमच्या बमरोलीकडे, म्हणजे मिल कामगारांच्या वस्तीकडे, तेव्हा इंग्लिश मीडियमच्या शाळा भराभर निघत होत्या. प्रवेशाला मुलाबरोबर आईबापांचाही इंटरव्ह्यू असायचा. मूल चार वर्षांचं, त्याला विचारून विचारणार काय? म्हणून आईला धरायचे. आई घाबरली, की तिच्यासाठी क्लास निघायचा. शाळाही चालली, क्लासही चालला.

आमचा क्लास साड्यांच्या गोदामावरच्या खोलीत दुपारी भरायचा. बायका बहुतेक खान्देशातल्या. मी धुळ्याची, दहावी पास, म्हणून सगळ्या मला हुशार समजत. माझी मुलं मराठी शाळेत शिकून मोठी झाली होती, मला नुसती हौस होती. गरज होती ती मागच्या गल्लीतल्या मंगलाला. ती सातवीपर्यंत शिकलेली, दिवसभर घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, बोटं सुईने सोललेली. तिची पिंकी चार वर्षांची झाली होती.

"ताई, माझ्या बोटांचं जे झालं ते तिच्या बोटांचं नको," एवढं म्हणून तिने क्लासला नाव घातलं.

* * *

जरीवाला सर अस्सल सुरती. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला इंग्रजीचं गुपित सांगितलं. क्रियापद म्हणजे साडी, आणि त्याच्या मागचं अप, डाऊन, ऑन, ऑफ म्हणजे फॉल. फॉल न लावता साडी नेसली तर लोक हसणार की नाही? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजीचं माहीत नाही, पण फॉलचं आम्हाला पटलं.

शिकवायची त्यांची पद्धत एकच होती. "बेन, करता जाव, बोलता जाव." म्हणजे जे काम कराल ते करताना तोंडाने इंग्रजीत सांगायचं. उठताना "आय ॲम स्टँडिंग अप." बसताना "आय ॲम सिटिंग डाऊन." पहिला अख्खा तास आम्ही उठलो आणि बसलो. खालच्या गोदामातला मुनीम वर येऊन बघून गेला, छत का हलतंय म्हणून.

शेवटी क्लासमधल्या कल्पनाच्या सासूबाई, ज्या सुनेवर नजर ठेवायला येऊन बसायच्या, त्या म्हणाल्या, "सर, माझे गुडघे पास झाले. आता तोंडाचं बघा."

* * *

सर स्वतः कधी इंग्रजी बोलत नसत. आमच्याकडून बोलून घेत. फी मागायची ती हिंदीत, चहा मागवायचा तो गुजरातीत.

एकदा तास सुरू असताना वीज गेली. मे महिना, खाली साड्यांचे गठ्ठे, वर पत्रा. सर कपाळ पुसत म्हणाले, "ओहो, लाइट गई."

मागून मंगला म्हणाली, "सर, इंग्लिशमध्ये."

मग सगळ्याच म्हणायला लागल्या, "हां सर, इंग्लिशमध्ये." सरांनी पंख्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं.

"आजनो क्लास पूरो," सर म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले. चपला घालतानासुद्धा काही बोलले नाहीत.

* * *

घरी सराव करायचा हुकूम होता. मी प्रामाणिकपणे करायची. गॅस पेटवताना, नळ बंद करताना, केर काढताना माझं चालूच. सासूबाईंनी आठ दिवस बघितलं. मग शेजारी जाऊन विचारून आल्या, की तरुण वयात असं एकटंच बडबडायला लागलं तर कुठल्या डॉक्टरकडे नेतात. मी चाळिशी ओलांडलेली, पण त्यांच्या लेखी तरुणच.

मी त्यांना समजावून सांगितलं. आई, आपण जे करतो ते इंग्रजीत सांगायचं असतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "तू जे करस ते माले दिखस. जे नही करस ते सांगत जाय."

* * *

हे फॉल लावलेलं इंग्रजी सगळ्यात जास्त वापरलं जायचं ते आमच्या यजमानांच्या मिलमध्ये. यजमान तिथे ऑफिसात कारकून होते. त्यांच्या शेठना अशी तीनच वाक्यं येत. कामगार पहिल्यांदा तक्रार घेऊन आला की "वी विल लुक इन्टू इट." दुसऱ्यांदा आला की "वी विल फॉलो अप." तिसऱ्यांदा आला की खांद्यावर हात ठेवून "कॅरी ऑन, कॅरी ऑन." एवढ्यावर त्यांनी किती उन्हाळे काढले, देव जाणे.

बॉयलरवर एक जुना माणूस होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला होता. दोन वेळा सांगून झालं. तिसऱ्यांदा तो केबिनमध्ये गेला तो उभ्याउभ्याच म्हणाला, "शेठ, आज तीसरी बार है. कॅरी ऑन बोल दो, तो मैं काम पे जाऊं."

यजमान सांगत, शेठ मनापासून हसले. पंखा नाहीच लागला.

* * *

मंगलाचा सराव सगळ्यांत कडक. कपडे वाळत घालताना ती गच्चीवरून ओरडून सांगायची, आणि खालच्या चाळीतल्या पोरी ते पाठ करायच्या. तिचा नवरा भास्कर मिलमध्ये जेट मशीनवर, कापड रंगवायच्या कामावर होता. रात्रपाळी करून सकाळी झोपायचा. डोक्याशी बायकोचं "ही इज लाइंग डाऊन" ऐकत झोपायचा, आणि तेच ऐकत उठायचा. बोलायचा कमी, पण टोमणा नेमका मारायचा.

एकदा मंगला भाकरी टाकत होती. आधी "आय ॲम टर्निंग ओव्हर द भाकरी" हे वाक्य पूर्ण म्हणायचं, मग भाकरी उलटायची, असा तिचा नेम. त्या दिवशी वाक्य मध्येच अडलं. परत पहिल्यापासून म्हटलं. परत अडलं. तिसऱ्यांदा एकदाचं नीट म्हणून झालं, तोवर धूर दारापर्यंत आला होता.

भास्करने काळी भाकरी हातात घेऊन नीट पाहिली. "तोंडमा उलटनी," तो म्हणाला, "तवावर नही उलटनी."

मंगला तोंडाला पदर लावून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, "ताई, इंटरव्ह्यूत असं मध्येच अडलं तर?"

मी म्हटलं, "जे करशील तेवढंच बोल. करत्या कामात माणूस अडत नाही."

* * *

इंटरव्ह्यूच्या दिवशी मंगला, भास्कर आणि पिंकीबरोबर मीही गेले. प्रिन्सिपल मॅडमच्या दाराला पडदा होता. मी बाहेरच्या बाकावर बसले, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कम इन."

"आय ॲम कमिंग इन," मंगला म्हणाली.

"सिट डाऊन."

"आय ॲम सिटिंग डाऊन. माय डॉटर इज सिटिंग डाऊन. माय हजबंड इज सिटिंग डाऊन."

तेवढ्यात आत फोन वाजला. सवय वाईट. मंगलाचा आवाज आला, "मॅडम इज पिकिंग अप द फोन." मी बाकावर डोळे मिटून घेतले.

मॅडमनी फोनवर गुजरातीत गप्पा मारल्या, आणि फोन ठेवून पिंकीला रंग विचारले. पिंकीने लाल, पिवळा, हिरवा सगळे इंग्रजीत बरोबर सांगितले. एक ते वीस म्हणून दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला. मग मॅडमनी भास्करला विचारलं, काय करता? तो हिंदीत म्हणाला, "मिल में. जेट मशीन पर."

मॅडमही एकदम हिंदीवर आल्या. आवाज अगदी गोड. "देखिए, बच्ची होशियार है. लेकिन घर का माहौल भी देखना पड़ता है. बमरोली के बच्चे आते हैं, तो पूरी क्लास नीचे आ जाती है. आप लोग इसे म्युनिसिपालिटी के मराठी स्कूल में डाल दो. उधर आपको भी अच्छा लगेगा."

मला वाटलं, आता मंगला रडणार. मी उठून पडद्यापर्यंत गेले.

खुर्ची सरकली. "आय ॲम स्टँडिंग अप," मंगला म्हणाली. एकही शब्द अडला नाही. "आय ॲम पिकिंग अप माय डॉटर."

"सिट डाऊन, प्लीज," मॅडम म्हणाल्या.

"नो. आय ॲम गोइंग आउट."

पडदा बाजूला झाला आणि मंगला पिंकीला कडेवर घेऊन माझ्यासमोरून सरळ जिन्याकडे गेली. आत भास्कर एकटाच राहिला होता. तो उठला. मॅडमसमोर हात जोडून उभा राहिला.

"आय ॲम," तो म्हणाला. पुढचं त्याला काही सुचेना. मग म्हणाला, "मी बी चालनू, मॅडम."